लांब दांड्याचा जळमट-ब्रश : कौलारू घरात किती उपयोगाचा?

गणपतीच्या आधी घर झाडून काढायचे म्हटले की कुडाळकडच्या आमच्या कौलारू घरात खरा प्रश्न जमिनीचा नसतो, आढ्याचा असतो. माजघरावर फळ्यांची तक्तपोशी असल्यामुळे तिथले छत साडेनऊ फुटांवर संपते आणि स्टुलावर उभे राहून कोणीही ते झाडू शकते. पण ओटीवरून पाहिले तर छपराच्या दोन्ही उतरत्या पाखी थेट वर जाऊन 17-18 फुटांवर आढ्याला मिळतात. मधल्या सगळ्या वाशांवर, कौले टेकवायच्या आडव्या रिपांवर आणि कौलांच्या खोबणींत वर्षभराची जाळीजळमटे लोंबत असतात. आजवर हे काम माणगा बांबूच्या टोकाला हिराची वाढवण, म्हणजे नारळाच्या हिरांचा झाडू, सुतळीने बांधून होत असे. या वर्षी मी ऑनलाइन मिळणारा, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा लांब दांड्याचा ब्रश मागवून त्यावर घर झाडून पाहिले. त्याचेच हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव देण्यात अर्थ नाही, कारण हुबेहूब याच साच्याचा माल निरनिराळ्या नावांनी विकला जातो. मला तो 900 रुपयांच्या आत मिळाला आणि पुढचे मत त्या किमतीच्या मालाला लागू आहे.

खोक्यात ॲल्युमिनियमच्या तीन नळ्यांचा दांडा, ताठ नायलॉन तारांचे गोल ब्रशचे डोके, मायक्रोफायबरची खोळ चढवलेले एक चपटे, हवे तसे वाकणारे डोके आणि ही डोकी तिरकी करून बसवण्यासाठी प्लॅस्टिकची बिजागरी, एवढा ऐवज निघतो. मिटवलेला दांडा साडेचार फुटांचा होतो. तो कपाटामागे सहज मावतो आणि गाडीतून नेता येतो, ही बांबूपेक्षा उघड सोय आहे.

आता लांबीविषयी. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘20 फुटांपर्यंत पोहोच’ असे लिहिलेले असते आणि बहुतेक ग्राहक त्याचा अर्थ दांडा 20 फुटांचा असा घेतात. टेप लावून मोजल्यास पूर्ण उघडलेला दांडा डोक्यासकट 12 फुटांना थोडा कमीच भरतो. उरलेले आठ फूट कंपनीने तुमच्या उंचीतून आणि वर ताणलेल्या हातांतून वसूल केलेले असतात. म्हणजे उंच माणसाने हात पूर्ण वर करून, दांड्याचे अगदी खालचे टोक बोटांत धरून तो सरळ उभा तोलला, तर कुठे तो आकडा खरा ठरेल; आणि तशा अवस्थेत जळमट काढणे सोडाच, दांडा नुसता धरून ठेवणेही कठीण आहे. प्रत्यक्षात एक हात छातीपाशी आणि दुसरा कमरेपाशी ठेवावा लागतो, दांड्याचे बूड जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर येते आणि दांडा उभा धरल्यास ब्रश 15 फुटांपर्यंत जातो. तरीही दांडा अगदी उभा धरून कोणी झाडत नाही, कारण मग सगळी धूळ आपल्याच तोंडावर पडते. थोडे बाजूला उभे राहून तो साधारण 60 अंशांत कलता धरला की उंची आणखी घटते आणि कामाची खरी पोहोच 13 फुटांच्या आसपास उरते. शहरातल्या नऊ-दहा फुटी सदनिकेला हे भरपूर आहे, जुन्या चाळीतल्या किंवा वाड्यातल्या बारा-तेरा फुटी खोलीलाही पुरेसे आहे; आमच्या ओटीच्या आढ्याला मात्र नाही.

लांबी वाढवली की दांडा लवतो हे सर्वांना ठाऊक असते, पण तो किती लवतो याचा अंदाज खरेदीच्या वेळी येत नाही. टोकावरचे वजन तेच असेल आणि नळीची जाडी तीच असेल, तर लांबी दुप्पट केल्यावर टोकाचे झुकणे दुप्पट नव्हे तर आठपट होते. त्यात अशा दांड्याची प्रत्येक पुढची नळी आधीच्या नळीपेक्षा बारीक असल्यामुळे सर्वांत अशक्त भाग नेमका डोक्याजवळ येतो. पहिल्या दोन नळ्यांपर्यंत ब्रश आपण नेऊ तिथे जातो. तिसरी नळी पूर्ण बाहेर काढली की टोक गरीच्या काठीसारखे डुलू लागते आणि वाशाच्या उजव्या बाजूला नेलेला ब्रश डाव्या बाजूला जाऊन टेकतो. पोलादी नळीचा दांडा घ्यावा का, असे काही जण विचारतात. तितक्याच मापाची पोलादी नळी ॲल्युमिनियमपेक्षा जवळपास तिप्पट ताठ असते, पण वजनही जवळपास तिप्पट असते आणि मान वर करून अर्धा तास काम करताना ते वजन ताठपणापेक्षा जास्त जाणवते. शिवाय आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत स्वस्त पोलादी नळीचा मुलामा सांध्यांपाशी आधी जातो आणि मग गंजलेल्या नळ्या एकमेकींत अडकून बसतात. त्यामुळे ॲल्युमिनियमच बरे. मात्र नळी हाताने दाबली असता चेपत नाही ना, एवढे दुकानात घेत असाल तर अवश्य पाहावे.

या ब्रशचा खरा दोष लांबीत नाही, त्याच्या कुलपात आहे. नळ्या हव्या त्या लांबीवर पक्क्या करण्याच्या दोन पद्धती बाजारात दिसतात. पहिलीत आतली नळी पिळून घट्ट करायची असते; बाहेरून काहीच दिसत नाही, आत एक छोटा प्लॅस्टिकचा भाग एका बाजूला सरकून बाहेरच्या नळीला आतून दाबतो. दुसरीत सांध्यावर बाहेरून खटका असतो आणि तो दाबला की पट्टी नळीभोवती आवळली जाते. माझा दांडा पहिल्या प्रकारचा आहे आणि स्वस्त ब्रश बहुधा त्याच प्रकारचे असतात. आता जळमट काढण्याची रीत आठवून पाहावी. जळमट ओढून काढले तर ते तुटते, अर्धे वरच राहते आणि अर्धे भिंतीवर काळा ओरखडा उठवते. म्हणून ब्रश जळमटात घालून दांडा स्वतःभोवती फिरवायचा असतो, म्हणजे तंतू तारांभोवती गुंडाळले जाऊन मुळासकट सुटतात. दांडा फिरवणे हीच ज्या कामाची मुख्य क्रिया, त्या कामाला फिरवल्यावर सैल होणारे कुलूप द्यायचे, याला काय म्हणावे? ब्रशच्या तारा रिपेत थोड्या अडकल्या आणि दांडा सुटण्याच्या दिशेने पिळला गेला की सांधा मोकळा होतो, वरची नळी सरकन खाली येते आणि खालच्या नळीच्या काठावर असलेले बोट त्यात चिमटले जाते. एकाच दिशेने, म्हणजे कुलूप घट्ट होण्याच्या दिशेने फिरवत राहिले तर हा त्रास टळतो. पण त्यातही एक पाचर आहे. तसे फिरवत राहिल्यावर सांधा इतका घट्ट बसतो की शेवटी दांडा मिटवताना तो दोघांनी धरून पिळावा लागतो. बाहेरून खटका असलेल्या दांड्याला या दोन्ही गोष्टींची बाधा होत नाही. शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी खटक्याचाच दांडा घ्यावा, आणि लांबीचे आकडे वाचण्याआधी छायाचित्रातले सांधे मोठे करून पाहावेत. कोणताही दांडा शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढू नये. एका नळीचा निदान अर्धा फूट भाग दुसऱ्या नळीत राहिला तर सांधा डगमगत नाही.

ब्रशच्या डोक्याबद्दल मात्र तक्रार करण्यासारखे फारसे नाही. नायलॉनच्या तारा ताठ, मधूनमधून विरळ आणि टोकाला किंचित फाटलेल्या आहेत, आणि जळमट पकडण्यासाठी तेच हवे. दाट व मऊ ब्रश जळमट नुसते भिंतीला चोपडतो. घराच्या कोपऱ्यांत लांब, बारीक पायांचे जे कोळी उलटे टांगलेले दिसतात, त्यांची जाळी आकारहीन आणि सैल असतात. ब्रश जवळ आला की हा कोळी पळण्याऐवजी जागच्या जागी इतक्या वेगाने थरथरतो की त्याचे शरीर अंधूक दिसू लागते, आणि मादीच्या तोंडात पुष्कळदा अंड्यांचा छोटा फिकट गोळा धरलेला असतो. ताजे जाळे खालून दिसतही नाही. कोळ्याने सोडून दिलेल्या जुन्या जाळ्यावर धूळ आणि धूर बसत जातो आणि मग ती करड्या दोऱ्यांसारखी लोंबणारी जळमटे तयार होतात. ती कोरडी असतील तर हा ब्रश त्यांना एका फेरीत गुंडाळून घेतो. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाताना ब्रश खाली घेऊन तारांवरचा गुंता खराट्याने ओरबाडून काढला नाही, तर पुढच्या वेळी ब्रश नवे जळमट घेत नाही, उलट जुनेच भिंतीला लावून येतो.

जाहिरातीत आणखी एक दावा आहे की या तारा घासल्यावर विद्युतभारित होतात आणि धूळ स्वतःकडे ओढून घेतात. पौष-माघातल्या कोरड्या हवेत हे काही अंशी खरे ठरू शकेल. श्रावणात, जेव्हा कोकणात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तेव्हा असा भार दमट हवेत टिकत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत आम्हांला गणपतीसाठी घर झाडायचे असते. त्यामुळे या वैशिष्ट्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. घाटावर नवरात्राच्या आधी दसरा काढणाऱ्यांना कदाचित त्याचा थोडा अनुभव येईल.

चूल असलेल्या स्वयंपाकघरात मात्र ब्रशने हात टेकले. तिथली जळमटे धुराने काळी पडलेली असतात आणि फोडणीच्या तेलकट वाफेने चिकट झालेली असतात; त्यांत ब्रश फिरवला की ती गुंडाळली जातात खरी, पण जाताना वाशावर आणि चुन्याच्या भिंतीवर काजळीचे पट्टे ओढून जातात. ब्रश ओला करून पाहण्याचा मोह तिथे होतो आणि तो टाळावा, कारण पाणी लागताच काजळीचा चिखल होतो आणि चुना तो शोषून घेतो. अशा जागी आधी कोरड्या ब्रशने जेवढे सुटेल तेवढे काढावे, आणि वासे नंतर शिडीवर चढून साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावेत. दुरून करता येण्यासारखे ते काम नव्हे.

कौलांखाली हा ब्रश वापरताना एक गोष्ट जपावी लागते, जिचा उल्लेख वापराच्या पत्रकात असणे शक्यच नाही, कारण ते पत्रक गुळगुळीत छताच्या सदनिकांसाठी लिहिलेले आहे. मंगलोरी कौल रिपेवर नुसते टेकलेले असते. त्याच्या खालच्या अंगाला असलेला उंचवटा रिपेत अडकतो आणि बाजूच्या खोबणी शेजारच्या कौलात बसतात, पण त्याला खिळा क्वचितच मारलेला असतो. ताठ ब्रश खालून जोराने वर रेटला तर कौल उचलले जाते आणि परत बसताना खोबणीत नीट न बसता कललेले राहते. खालून ते दिसत नाही. पुढच्या सरीला बरोबर त्याच जागेवरून पाणी टपकू लागते, आणि भर पावसात कौल सारखे करायला छपरावर चढणारा माणूस मिळवणे हा जळमटांपेक्षा मोठा उपद्व्याप आहे. यासाठी ब्रश रिपांना समांतर, आडवा सरकवावा, वर रेटू नये. रिपांमधले अंतर साधारण एक फुटाचे असते आणि गोल डोके त्यात व्यवस्थित मावते. जुन्या नळीच्या कौलांखाली तर हा ब्रश मी वापरणारच नाही. ती कौले याहूनही सैल बसलेली असतात. मांगराला, म्हणजे शेतातल्या खोपीला, किंवा मागच्या पडवीला सिमेंटचे जुने पत्रे असतील तर तेही कोरड्या ब्रशने घासू नयेत, कारण अशा पत्र्यांत पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याचे तंतू श्वासातून आत जाणे घातक आहे.

वाशांच्या बेचक्यांत मातीची छोटी घरटी दिसतात, ती कुंभारीण माशीची. ही माशी कोळ्यांना डंख मारून बधिर करते आणि आपल्या पिलांचे खाद्य म्हणून त्या घरट्यात भरून ठेवते, त्यामुळे जिथे कोळी पुष्कळ तिथे ही घरटीही आढळतात. वाळलेली माती नायलॉनच्या तारांना दाद देत नाही. ती खरवडायला बांबूचे टोकच लागते. गांधीलमाशांचे पोळे असेल तर लांब दांडा हातात आहे म्हणून धीट होऊ नये. बारा फुटांचे अंतर त्यांच्या दृष्टीने काहीच नाही.

मायक्रोफायबरच्या चपट्या डोक्याविषयी थोडक्यात सांगता येईल. ते काटकोनात वाकवून पंख्याच्या पात्यांवरून फिरवले की धूळ छान निघते, कपाटांच्या आणि माळ्याच्या काठावरही ते चालते, पण खडबडीत लाकडावर त्याचे धागे कुसळांत अडकून उसवतात. प्लॅस्टिकची बिजागरी मात्र कच्ची आहे. डोके तिरके करून जरा दाब दिला की तिचे दाते घसरतात आणि डोके मान टाकते.

दांडा धातूचा आहे, हे विसरून चालणार नाही. आमच्या घरात अजून काही खोल्यांत लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग आहे आणि वाशाजवळचे जोड उघडे पडलेले आहेत. मी ब्रश उघडून ओटीवर आलो तेव्हा काकीने आधी त्या चकचकीत दांड्याकडे पाहिले आणि मग बटणांच्या फळीकडे. ‘आधी मेन बंद कर, मगे काय ता झाड,’ एवढेच ती म्हणाली. तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. पंख्याचे बटण बंद करणे पुरेसे नाही, मुख्य स्विचच पाडावा आणि दिवसाउजेडी काम उरकावे. दांड्याला हातापाशी रबरी मूठ असते, तिला विजेपासूनचे संरक्षण समजू नये. फायबरग्लासचे दांडे कोरडे असतील तर वीज वाहून नेत नाहीत, पण त्यांची किंमत घरगुती खरेदीला परवडणारी नाही. बाकी डोक्याला पंचा, नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर बंदिस्त चष्मा हवाच. साध्या चष्म्याच्या वरच्या फटीतून धूळ थेट डोळ्यांत उतरते.

‘बांबूक काय धाड भरली होती?’ हा काकीचा दुसरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देणे मला सोपे गेले नाही. माणगा जवळजवळ भरीव आणि सरळ वाढणारा बांबू असल्यामुळे पंधरा फुटांची काठीही फारशी लवत नाही, तिला सरकणारे सांधे नाहीत, तिच्यात बोट सापडत नाही आणि ती परसात फुकट मिळते. मात्र ती जड असते, आणि खोल्याखोल्यांतून ती फिरवताना दर वेळी दारातून तिरकी करून न्यावी लागते. मुख्य म्हणजे हिराची वाढवण जळमटे ओढून तोडते, गुंडाळून घेत नाही. म्हणजे दांडा बांबूचा सरस आणि डोके विकतच्या ब्रशचे सरस, असा हिशेब झाला. तेव्हा ओटीच्या आढ्यासाठी मी तोच मार्ग धरला. ब्रशच्या डोक्याची पोकळ मान बांबूच्या तासलेल्या टोकावर बसवली आणि पाण्याच्या पाइपला लावतात ती लोखंडी क्लिप स्क्रूने आवळून ती पक्की केली. आढ्यापर्यंतची सगळी जळमटे या जोडीने निघाली, गणपतीच्या डोक्यावर सजवून टांगायच्या माटवीच्या जागेवरचा भागही स्वच्छ झाला, आणि दांडा हातात सरकेल ही धास्ती राहिली नाही. डोके फिरवायला बांबूचे खडबडीत पेर हाताला थोडे टोचते. तिथे जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली की काम भागते.

घेणाऱ्याने आणखी एक चौकशी करावी, ती डोक्याच्या आट्यांची. माझ्या ब्रशचे आटे त्याच्याच दांड्याला बसतात, घरातल्या पोछ्याच्या किंवा वायपरच्या दांड्याला बसत नाहीत, आणि विक्रेत्याकडे सुटे डोके स्वतंत्रपणे मिळत नाही. तारा मोडल्या की संपूर्ण संच नव्याने घ्या, असा हा व्यवहार आहे, आणि तो मला पटत नाही. जिथे सुटी डोकी मिळतात असा संच थोडा महाग असला तरी शेवटी स्वस्त पडेल. ब्रश साबणाच्या पाण्यात धुऊन तारा खाली येतील असा उन्हात टांगावा. दमट कोपऱ्यात उभा केला तर तारा एका अंगाला कायमच्या वळतात आणि मधल्या प्लॅस्टिकवर बुरशी धरते. दांड्याच्या नळ्यांत वाळूचा कण राहिला तरी सांधा सरकताना करकरतो, म्हणून मिटवण्याआधी त्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. तेल मात्र लावू नये, नाहीतर पिळायचे कुलूप मुळीच धरत नाही.

सदनिकेत राहणाऱ्यांना मी पाचपैकी साडेतीन गुण देऊन हा ब्रश सुचवेन, तोही खटक्याचा सांधा असेल तर. कौलारू घरासाठी दोन गुण, आणि तेही डोक्याला.